अर्धा सेंटिमीटर आणि बारावीची गुणपत्रिका: सैन्यात कोणत्या कामासाठी जायचं, याचं एक प्रकरण

हे प्रकरण औसा तालुक्यातल्या एका मुलाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि माणसांना नात्यानंच हाक मारतो. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात, म्हणून इथंही तो धाकटाच. मी लातुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि हा माझा विद्यार्थी. प्रकरणात माझी एक चूक आहे, ती आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षी अर्ज भरताना त्यानं मला फोन केला होता आणि मी काही न बघता ‘भर’ म्हणालो होतो.

पार्श्वभूमी

घरची तीन एकर कोरडवाहू. सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, पाऊस बरा झाला तर मागून हरभरा. थोरला भाऊ चाकणला कंपनीत. धाकट्याला दहावीला चांगले गुण पडले आणि आपल्याकडं चांगले गुण पडले की पुढं जे होतं तेच झालं: नीटसाठी लातूर. अकरावीला त्यानं भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेतलं आणि गणित सोडलं. ‘डॉक्टर व्हायचंय तर मॅथ्सचं ओझं कशाला’ असं तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कदाचित मीच.

२०२३ ला बारावी झाली. एकूण ५७ टक्के, भौतिकशास्त्रात जेमतेम ४४, इंग्रजीत ५२. नीटचे गुण कुठल्याच कॉलेजच्या जवळपास नव्हते. रिपीटरच्या बॅचला नाव घातलं, पण दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. बापाला एवढंच म्हणाला, “बापू, पैसे नका घालू आता.” त्या पैशासाठी आधीच एक म्हैस गेली होती.

पळायला मात्र तो पहिल्यापासून चांगला. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नायक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात पलंगाखाली काळी ट्रंक आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. लहानपणी ती ट्रंक ओढून बाहेर काढायची आणि तिच्यावर बसायचं, हा या पोराचा उन्हाळ्याच्या सुट्टीतला खेळ होता. नीट सुटल्यावर तो एका अकॅडमीत जाऊ लागला. पहाटे साडेचारला उठायचं, ग्राउंड, बीम (आडव्या दांड्याला लटकून पुल-अप्स), मग नाश्त्याला भिजवलेले हरभरे. दोन महिन्यांनी भेटला तेव्हा ओळखू येईना. “काय करूलालास रे?” विचारलं तर म्हणाला, “पळूलालो की सर. आर्मी.”

आर्मी म्हणजे काय, हे त्यानंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्याकडं आर्मी म्हणजे जीडी, म्हणजे जनरल ड्युटीचा साधा जवान, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

अर्ज भरला तो दिवस

सैन्याच्या अग्निवीर भरतीची २०२४ ची नोंदणी १३ फेब्रुवारीला सुरू होऊन २२ मार्चला बंद होणार होती. त्या वर्षी एका उमेदवाराला एकाच प्रवर्गाचा अर्ज भरता येत होता. जीडी, टेक्निकल, क्लार्क किंवा स्टोअरकीपर, ट्रेड्समन, यातलं जे निवडाल त्याचीच लेखी परीक्षा आणि त्याचाच भरती मेळावा. चुकलं तर थेट पुढचं वर्ष.

औशातल्या नेटकॅफेत धाकटा आणि त्याचा एक मित्र असे दोघं गेले. कॅफेवाल्यानं विचारलं, “जीडी ना?” दोघं हो म्हणाले. शिक्षणाच्या रकान्यात त्यानं फक्त दहावी टाकली, कारण जीडीला दहावीच लागते: एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. बारावी टाकायची तर आणखी एक गुणपत्रिका स्कॅन करा, आणखी रकाने भरा. बाहेर रांग होती. दहावीच टाकल्यामुळं पुढच्या पानावर जे प्रवर्ग दिसले ते दहावीवाल्याचेच दिसले. बारावीवर उघडणारी दारं पोरानं पडद्यावर पाहिलीच नाहीत.

तेवढ्यात त्यानं मला फोन केला. फेब्रुवारी म्हणजे प्रॅक्टिकलचे दिवस, माझ्यासमोर जर्नलांचा ढीग. “सर, आर्मीचा फॉर्म भरूलालो, जीडी. भरू का?” मी म्हणालो, “भर, भर. पळतोस चांगला.” फोन एक मिनिटसुद्धा चालला नसेल. वीस मिनिटांत अर्ज झाला, त्यातली पंधरा फोटो आणि सही मापात बसवण्यात गेली.

हा या प्रकरणातला पहिला निर्णय आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. तो निर्णय आहे हे तिथं कुणाच्याच लक्षात आलं नाही. अकॅडमीच्या सरांचं म्हणणं होतं की जीडीच्या जागा जास्त निघतात. ते खरंच आहे. पण जागा जास्त कुणासाठी, हा प्रश्न उरतोच.

मैदान

लेखी परीक्षेला पन्नास प्रश्न, शंभर गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. पोरगा नीटच्या चाळणीतून आलेला, विज्ञानाचे प्रश्न त्यानं झपझप सोडवले. पास झाला.

मेळाव्याबद्दल मराठवाड्याबाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो: सगळा मराठवाडा एका भरती कार्यालयाखाली येत नाही. जालना, परभणी, नांदेडची पोरं छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाकडं जातात. लातूर, धाराशिव आणि बीडची पुण्याकडं. धाकटा आणि त्याचा मित्र रात्रीच्या गाडीनं गेले, सोबत आईनं बांधून दिलेल्या धपाट्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. डोमिसाईल, जातीचा दाखला, सरपंचाचा अविवाहित असल्याचा दाखला, सगळं व्यवस्थित.

१.६ किलोमीटर त्यानं ५ मिनिटं २४ सेकंदांत काढलं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण मिळतात, ते मिळाले. बीम नऊ मारले, त्याचे ३३. नऊ फुटांचा खड्डा मारला, झिगझॅगवर तोल राखला. मग मोजमापाची रांग.

ही रांग त्यानं मला नंतर इतक्या वेळा सांगितली की मीच तिथं उभा होतो असं वाटतं. पाय अनवाणी, टाचा फळीला टेकलेल्या. माप घेणाऱ्या जवानानं आडवी पट्टी डोक्यावर आणली, केस दाबले, आकडा वाचला, पट्टी पुन्हा वर नेऊन पुन्हा खाली आणली. एकशे सदुसष्ट पॉइंट पाच. महाराष्ट्रातल्या जीडीच्या उमेदवाराला १६८ लागते.

“साहब, एक बार और,” हा म्हणाला. जवानानं तिसऱ्यांदा मोजलं, तेही काही न बोलता. आकडा तोच. शेजारच्या रांगेत मित्र पुढं सरकला.

घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण आहे, तिच्यापुढं त्यानं स्वतः ‘१६८.५’ लिहिलेलं. ती खूण सकाळी उठल्या उठल्या केलेली. झोपेतून उठल्यावर माणूस थोडा उंच असतो, मणक्यांमधल्या चकत्या रात्री फुगलेल्या असतात आणि दिवसभर उभं राहून, पळून त्या दबतात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. मैदानावर त्याची उंची पळून झाल्यावर घेतली. अकॅडमीत दोन महिन्यांत एकदा टेपनं मोजली होती, तीही बूट घालून.

मामांना वाटलं होतं की आपण माजी सैनिक, तर पोराला दोन सेंटिमीटरची सूट मिळेल. ती सूट सैनिकाच्या, माजी सैनिकाच्या मुलाला असते. भाच्याला नसते.

नेमकं कुठं अडलं

तो परत आल्यावर आठ दिवसांनी माझ्याकडं आला. या वेळी मी त्याची बारावीची गुणपत्रिका टेबलावर ठेवली, सैन्याच्या संकेतस्थळावरची जाहिरात उघडली आणि एकेक प्रवर्ग लावून पाहिला. तासभर लागला. हाच तास फेब्रुवारीत लावायला हवा होता.

टेक्निकलला उंची १६७ लागते, त्यात तो बसत होता. पण बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. गणित त्यानं सोडलेलं. क्लार्क आणि स्टोअरकीपरला उंची फक्त १६२, पण बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० हवेत. भौतिकचे ४४ तिथं आडवे आले. ट्रेड्समनला पुन्हा १६८. म्हणजे अग्निवीराचे सगळे दरवाजे त्याला बंद होते आणि आम्ही वर्षभर त्यातल्याच एकावर धडका देत होतो.

मग जाहिरातीत खाली एक नाव दिसलं, सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट. बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-जीवशास्त्र आणि इंग्रजी. एकूण ५० टक्के, प्रत्येक विषयात ४०. उंची १६७. वय तेवीसपर्यंत. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पोराकडं बघायची लाज वाटली. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय आणि बारावीच्या जीवशास्त्रावर सैन्यात जायचं एक दार आहे हे मला माहीत नव्हतं. हवाई दलातही मेडिकल असिस्टंट म्हणून असंच एक दार आहे, तेही त्या दिवशीच कळलं.

त्याहून मोठी गोष्ट त्याच्या पुढच्या ओळीत होती. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून सैन्यात जवान म्हणून जायचं म्हणजे चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून जायचं, असं सगळे समजतात. पण सैन्याच्या वैद्यकीय शाखेची तांत्रिक पदं या योजनेतून बाहेर ठेवलेली आहेत. नर्सिंग असिस्टंट हा नेहमीसारखा, कायम भरतीचा जवान असतो.

पर्याय आणि त्यांचं वजन

हा फरक घरी समजावून सांगताना मी आकडेच मांडले, कारण बापू हिशेबाचा माणूस.

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के दर महिन्याला सेवा निधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. सेवेत असेपर्यंत ४८ लाखांचा विमा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करतात.

कायम जवानाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, त्यावर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. आणि पंधरा वर्षं सेवा झाली की पेन्शन.

असं लिहिलं की वाटतं यात विचार करण्यासारखं काय आहे? पण मी मुद्दाम त्याच्या मित्राचं उदाहरण सांगतो. तो जीडीत निवडला गेला. त्याचं म्हणणं पहिल्यापासून स्पष्ट होतं: चार वर्षं जायचं, पैसे घेऊन यायचे, गावात डाळमिल टाकायची. आत कायम केलं तर ठीक, नाही केलं तरी ठीक. दहावीच्या पुढं शिकायची त्याला हौस नव्हती, उंची १७२. त्याच्यासाठी जीडी हा चांगला निर्णय होता आणि तो त्यानं समजून घेतला होता. धाकट्याला मात्र आयुष्यभराची नोकरी हवी होती. तोच अर्ज, तोच कॅफे, त्याच दिवशी.

बाकीचे पर्यायही बघितले. हवाई दलातल्या अग्निवीरवायूला उंची १५२ पुरते आणि इंग्रजीतल्या ५२ गुणांवर विज्ञानेतर विषयांच्या गटातून अर्ज करता येत होता. पण तेही चार वर्षंच. नौदलाचं तसंच. राज्य पोलीस दलात १६५ उंची चालते, पण त्या वर्षीची १७,४७१ जागांची भरती हातची गेली होती, कारण अर्ज भरलाच नव्हता. ‘फौजेत जायचंय, पोलिसात कशाला’ हे तेव्हाचं त्याचं उत्तर. आणखी एक पर्याय गावातल्या एका माणसानं आणला: अमुक पावडर खा, तमुक तास लटक, उंची वाढते, नाही वाढली तर ‘आतून’ काम करून देणारा ओळखीचा आहे, दोन लाख घेतो. पहिल्याला मी हसलो. दुसऱ्याच्या वेळी बापूंनीच त्याला चहा न पाजता वाटेला लावलं. लातुरात राहून डॉक्टरकीच्या नावानं जेवढे पैसे गेले तेवढ्यानं त्यांना शहाणपण आलं होतं.

घरातली बैठक

मला वाटलं होतं की नर्सिंग असिस्टंटचं कळल्यावर पोरगा उडी मारेल. तो गप्प बसला. मग म्हणाला, “सर, आर्मीत जाऊन सुया टोचायच्या?”

दुसरा निर्णय इथं अडला आणि तो गुणपत्रिकेनं सुटणारा नव्हता. एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर मामाही आले होते. मामांचं मत ठरलेलं, “रायफल धरतो तो जवान. बाकी सगळे मागचे.”

बापू म्हणाले, “नर्सचं काम तर बायका करतात ना सर?”

आई आतून म्हणाली, “करू द्या की. दवाखान्यात सावलीला राहील.”

माझ्या मते तिघंही चुकत होते आणि आईचं चुकणं जास्त धोक्याचं होतं. पोरगा सावलीला राहील म्हणून पाठवायचं आणि सहा महिन्यांनी त्याचा फोन कुठल्या तरी चौकीवरून यायचा, हे बरं नव्हे. नर्सिंग असिस्टंट लष्करी रुग्णालयाच्या वॉर्डातही असतो आणि पलटणीबरोबरही. पलटणीच्या डॉक्टरच्या हाताखाली एमआय रूम, म्हणजे पलटणीचा छोटा दवाखाना, सांभाळायची, ड्रेसिंग, इंजेक्शनं, औषधांचा हिशेब. आणि पलटण जिथं जाईल तिथं जायचं, बर्फात असो की वाळूत. पहिले काही महिने लष्करी प्रशिक्षण सगळ्यांसारखंच, रायफलीसकट. हे मी सांगितलं तेव्हा मामांनी पहिल्यांदा मान हलवली, पण ती होकाराची होती की आठवणीची, कळलं नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, “आमच्या कंपनीत होता एक. आमच्याबरोबर चालायचा. सामान आमच्यापेक्षा जास्त.” पुढं काही बोलले नाहीत आणि मत बदललं असंही म्हणाले नाहीत. आजही ते ‘जीडीच पाहिजे होती’ असंच म्हणतात.

पोराचं मन कशानं वळलं ते मला नीट सांगता येणार नाही. परत निघताना तो मोटरसायकलपर्यंत आला आणि विचारलं, “सर, बायोचं पुस्तक आहे का तुमच्याकडं जुनं? मी माझं रद्दीत घातलं.”

काय केलं

२०२५ ची नोंदणी १२ मार्चला उघडली. त्या वर्षी अग्निवीरासाठी दोन प्रवर्ग भरायची मुभा मिळाली, अकॅडमीतली पोरं खूश झाली. धाकट्याला त्याचा काही उपयोग नव्हता. अर्ज आम्ही माझ्या घरी भरला. दहावी, बारावी, सगळे विषय, सगळे गुण. माहिती भरून झाल्यावर पडद्यावर पात्रता दिसते ती थांबून वाचली. अडीचशे रुपये शुल्क भरलं. पावती काढून त्यानं पाकिटात ठेवली.

उंची आम्ही तीन दिवस मोजली. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंचीची फळी आहे. संध्याकाळी पाच वाजता, तेही तो सोळाशे मीटर पळून आल्यावर, अनवाणी. १६७.४, १६७.५, १६७.५. लागते १६७. जागा होती, पण चार-पाच मिलिमीटरचीच.

अभ्यासाचं सोपं गेलं असं म्हणणार नाही. जीवशास्त्र आणि रसायन त्याला येत होतं. गणिताचा धाक अकरावीपासूनचा. दहावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. दुपारी तो माझ्याकडं, पहाटे मैदानावर. पोलीस भरती निघालीच तर तिचाही अर्ज भरायचा हे या वेळी आधीच ठरवून ठेवलं होतं आणि तसं त्यानं आईला सांगितलं होतं, म्हणून घरातला ताण बराच कमी होता. एका वेळी एकच दार ठोठावत बसलो की माणूस चिडचिडा होतो.

अकॅडमी सोडावी का, यावर आमचं जमलं नाही. माझं मत: सोड, पैसे वाचव, क्रीडा संकुलात पळ. त्याचं मत: एकट्यानं पहाटे उठणं होत नाही. तो गेला नाही सोडून आणि बरोबर केलं. मला मैदानातलं काय कळतं.

निकाल

परीक्षा ३० जून ते १० जुलै या काळात झाल्या. पास झाला. मेळाव्यात पळणं, बीम, सगळं झालं. मोजमापाच्या रांगेत उभा राहिला तेव्हा, त्याच्याच शब्दांत, ‘हगवण लागल्यासारखं’ झालं होतं. पट्टी खाली आली. जवानानं आकडा वाचला, लिहिला, पुढच्याला बोलावलं. बस, एवढंच.

मग मेडिकलला टीआर आला. टीआर म्हणजे तात्पुरता नाकारलेला, लष्करी रुग्णालयात पुन्हा तपासणी करून घ्यायची. कारण काय तर कानात मळ. जीवशास्त्राचा विद्यार्थी, जीवशास्त्राचा शिक्षक, वर्षभर उंचीचा मिलिमीटर मोजत बसलेले, आणि कान कुणी बघितलेच नाहीत. औशातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत कान साफ केले. पुन्हा तपासणीत पास. जी पोरं टीआर म्हणजे नापास समजून घरी बसतात त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं; अकॅडमीतल्या एकानं नेमकं तेच केलं.

मेरिट लिस्ट लागली त्या दिवशी त्यानं फोन केला नाही, त्याच्या आईनं केला. आर्मी मेडिकल कोअरचं सेंटर लखनौला. गावातून लखनौला गेलेला पहिलाच. बापूंनी मामांकडून काळी ट्रंक मागितली. मामा म्हणाले, नवीन घ्या, हिच्यावर माझा नंबर आहे. आणि दोन दिवसांनी नवीन ट्रंक स्वतःच घेऊन आले.

पूर्ण एक वर्ष गेलं हा हिशेब उरतोच. त्याचा मित्र त्या वर्षात प्रशिक्षण संपवून पगार घरी पाठवू लागला होता. आणि नर्सिंग असिस्टंटच्या जागा थोड्या असतात. धाकटा मेरिटमध्ये आला नसता तर ही सगळी गोष्ट मी अशीच सांगितली असती का, हे मलाही ठाऊक नाही. त्याचे गुण कमी पडले असते तर निवड चुकीची ठरली नसती, पण गावानं ती चुकीचीच धरली असती.

तेच प्रकरण पुन्हा आलं तर

कॅफेत बसून प्रवर्ग ठरवायचा नाही, ठरवून कॅफेत जायचं. हे सांगायला सोपं आहे, पण कॅफेवाल्याला दोष देऊन काही होत नाही. तो मिनिटांवर पोट भरतो. शिक्षण मात्र पूर्ण टाकायचं, लागत नसलं तरी. दहावीला पडलेले गुण आणि बारावीचे विषय हे आधी, पळण्याचं घड्याळ नंतर. उंची संध्याकाळी, अनवाणी, आणि दुसऱ्यानं मोजायची.

चार वर्षं की कायम, हा प्रश्न मी आता आई-बापाच्या समोर विचारतो, कारण पोरगा एकटा असला की तो ‘काहीही चालेल’ म्हणतो. काहीही चालेल म्हणणारा पोरगा मला घाबरवतो. मेडिकलच्या आधी कान, दात आणि गुडघे डॉक्टरला दाखवायला सांगतो. शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

आणि अकरावीला गणित सोडताना काय काय सुटतं त्याची एक यादी आता मी जूनमध्येच वर्गात फळ्यावर लिहितो. नीटवाल्या पालकांना ती आवडत नाही.

गेल्या महिन्यात बारावीची एक मुलगी आली, निलंग्याकडची. सैन्यात जायचंय म्हणाली. मुलींना जवान म्हणून लष्करी पोलीस दलात अग्निवीर होता येतं, तिथं उंची १६२ लागते. प्रयोगशाळेच्या फळीवर ती १६० भरली. ती निघाली होती, पण मी तिला बसवलं आणि तिची गुणपत्रिका मागितली. भौतिक, रसायन, जीवशास्त्र. नीट दिलेली आहेस का, विचारलं. हो म्हणाली, गुण बरे आहेत, पण एमबीबीएसला पुरणार नाहीत. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा कोर्स मुलींसाठी आहे आणि त्याची निवड नीटच्या गुणांवरूनच सुरू होते, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. घरी विचारून येते म्हणाली. अजून आलेली नाही. येत्या रविवारी मीच जाऊन येणार आहे.